कचऱ्याचा बडग्या: तान्ह्या पोळ्याच्या खेळाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

यंदा तान्ह्या पोळ्याला सक्करदऱ्यातल्या आमच्या मोहल्ल्याच्या मैदानावर कचऱ्याचा बडग्या उभा करायचा आणि तो जाळायचा नाही, एवढं आज नक्की झालं. दुसऱ्या कोणी आपल्या गल्लीत असं काही करायला घेतलं, तर त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून या नोंदी ठेवते आहे.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबतीची, म्हणजे पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या स्त्री-पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचे ते पुतळे. ‘ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा घोष करत मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. त्याच दिवशी संध्याकाळी गल्लोगल्ली तान्हा पोळा भरतो, पोरं लाकडी बैल सजवून आणतात.

कचऱ्याचा बडग्या करायला सोपा, पण शेवटच्या पायरीवर अडतो. प्लॅस्टिक पेटवलं की विषारी धूर होतो आणि त्यात पीव्हीसी जातीचं प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिन नावाचं जहाल विष तयार होतं. म्हणजे जी पिडा घालवायला निघालो तीच श्वासावाटे घरात. मग दहनाच्या जागी काय ठेवायचं? आमचा बडग्या पुतळा नसेल, चालता माणूस असेल. आणि शेवटी जमलेल्या लोकांनीच त्याच्या अंगावरची एकेक वस्तू सोडवून तिच्या तिच्या टोपल्यात टाकायची. या भागाला आम्ही ‘उतरवणी’ म्हणतो आहोत. बाकी सगळा खेळ उतरवणीसाठी आहे.

१० जुलै

इतवारीत एका जुन्या कारागिरांकडे जाऊन आलो. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या बडगे बनवतं. मनात होतं की मोठ्या मिरवणुकीतच शिरावं. त्यांनी सरळ सांगितलं, “तिथं डफ-ताशापुढं तुमचं बोलणं कोणाले ऐकू येणार जी? अन् उतरवाले जागा कुठं भेटन? पाय ठेवाले जागा नसते.” पटलं. सकाळ-दुपार मारबतीची, आपला खेळ संध्याकाळी मैदानावर. तान्ह्या पोळ्याला पोरं आणि आया आपसूक जमतात, त्यांना वेगळं बोलवावं लागत नाही.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकलो. बडग्याचं तोंड मोठं आणि साधं असावं. लांबून डोळे दिसले पाहिजेत, बारीक काम कोणी पाहत नाही.

१३ जुलै, रविवार

गल्लीतल्या काही घरांना आठवडाभराचा सुका कचरा मागितला. अट एकच, खंगाळून द्या. निम्म्या घरांनी खंगाळून दिला. बाकीच्यांच्या पिशव्यांत दुधाच्या थैल्या आंबलेल्या, लोणच्याची पाकिटं तेलकट. त्या धुण्यात अख्खा दिवस गेला. तुम्ही करणार असाल तर मागतानाच रिकामं पोतं देऊ नका. एक स्वच्छ धुतलेली दुधाची पिशवी आणि एक धुतलेलं चिप्सचं पाकीट नमुना म्हणून दारात दाखवा. दुसऱ्या खेपेला आम्ही तसं केलं आणि फरक लगेच दिसला.

१६ जुलै

वाटणी करायला नेहमीच्या कबाडीवाल्या भाऊंना बसवलं. त्यांचे हात आमच्या दुप्पट वेगाने चालतात. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, पत्र्याचे डबे घेतो म्हणाले. चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, प्लॅस्टिकचे चमचे त्यांनी बाजूला ढकलले. चकचकीत पाकिटात प्लॅस्टिकचे थर असतात, त्यात धातूचा पातळ लेप असतो आणि हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं. ते सुटं करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. स्वच्छ आणि कोरडं असलं तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं. खरकट्यात भिजलं की तेही नाही.

तिसरा ढीग खर्ऱ्याच्या पन्न्यांचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्यांचा. हा आमच्या शहराचा खास कचरा आहे आणि त्यावर पुरेसं कोणी बोलत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा, पन्नीतच बांधून द्यायचा, खाऊन झाला की पन्नी तिथेच टाकायची. इतकी हलकी की वाऱ्याने उडून नालीत जाते, नालीतून नाग नदीत, नाग कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. कोपऱ्यावरच्या दोन पानठेल्यांभोवती तासाभरात अर्धं पोतं भरलं. हातमोजे घालूनच उचला. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवल्यावरही तंबाखूचा वास राहतो, दोनदा फिनेल लागलं.

२० जुलै, रविवार

बुरडाकडून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आला. खांद्यावर बसणारा, कंबरेला घेर. दप्तराचे जुने पट्टे लावले. साडेचारशे रुपये, मजुरीसकट.

मग ग्लू गनने पाकिटं चिकटवायला सुरुवात केली. दिसायला झकास, काम झपाट्याने. अर्धी पाठ भरल्यावर कबाडीवाले भाऊ आले, त्यांनी एक बाटली ओढून पाहिली आणि परत ठेवली. बाटलीला गोंदाचा थर, त्यात पाकिटाचा तुकडा. “आता हे माह्या कामाचं नाही राह्यलं.” जी वस्तू सकाळपर्यंत भंगारात विकली जात होती ती आमच्या कलेने कायमचा कचरा झाली होती. संध्याकाळ सगळं सोडवण्यात गेली, बरंच फाटलं. गन आणि कांड्यांचे ३४० रुपये गेले.

तिथून नियम ठरला: वस्तूंवर गोंद नाही, टेप नाही, रंग नाही, स्टेपल नाही. फक्त ताग सुतळी आणि सुरगाठ. अंगावर चढणाऱ्या प्रत्येक वस्तूचा पुढचा पत्ता आधी माहीत हवा. निळी रंगवलेली सुतळी म्हणजे कबाडीवाला. पांढरी म्हणजे घरात पुन्हा वापर. लाल म्हणजे या वस्तूला पत्ता नाही.

२७ जुलै, रविवार

घेरासाठी कोणीतरी जुने फ्लेक्स आणून दिले. वाढदिवसांचे, स्वागताचे, हसऱ्या चेहऱ्यांचे. दिसतंय छान, पण फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड, जड आणि हवाबंद. सगळं मिळून वजन चौदा किलोच्या वर गेलं. माझा भाचा बडग्या होणार आहे, त्याला वाकताही येईना. फ्लेक्स काढले. ते टाकायचेही नव्हते, म्हणून मागच्या गल्लीत गळक्या कौलांवर टाकायला दिले. पावसाळ्यात त्याची गरज होतीच.

तुमच्यासाठी आकडा: अंगावर आठ-नऊ किलोच्या वर जाऊ नका.

३ ऑगस्ट, रविवार

पूर्ण वेशातली पहिली तालीम. दमट हवा, अंगभर प्लॅस्टिक, आत वारा नाही. वीसेक मिनिटांत भाच्याला गरगरलं, बसवावं लागलं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, तासाभरात बरा झाला. पण हे गमतीवारी नेण्यासारखं नाही. बदल केले: पाठ मोकळी ठेवली, समोर आणि बाजूलाच वस्तू. आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. वेश अंगावर पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. अर्ध्यात दुसरा बडग्या सांगाडा घेईल. ही अदलाबदल आता खेळातच बसवली आहे. एक बडग्या दमतो, दुसरा म्हणतो “माह्या पाठीवर दे”.

६ ऑगस्ट, बुधवार

बुधवार बाजारात चाचणी खेळ. पडला.

आम्ही सहा जण, शाहीर काका डफावर, बडग्या मधे. संहितेत लोकांना भरपूर सुनावलं होतं: तुम्ही टाकता, तुम्ही थुंकता, तुम्हाला लाज नाही. सुरुवातीला गर्दी जमली. पाच मिनिटांत भाजीवाल्या बायका आपल्या ढिगाकडे वळल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी जाता जाता म्हटलं, “आमाले माहीत आहे न बापू, पुढचं सांगा.” पुढचं आमच्याकडे नव्हतं. उतरवणीपर्यंत पोचलोच नाही, टोपल्या रिकाम्या परत आणल्या.

७ ऑगस्ट

आमच्या गल्लीच्या ऐवजदार (महापालिकेच्या बदली सफाई कामगार) ताई काल बाजारात होत्या. आज सकाळी झाडू टेकवून ओट्यावर बसल्या आणि संहितेची उजळणी त्यांनीच घेतली. “तुम्ही लोकायले रागावता, पन काय करायचं ते सांगत नाही. काच कागदात गुंडाळून वेगळी द्या म्हना ना. पॅड कागदात बांधा म्हना, वर खूण करा. माह्या हाताले चार टाके पडले मागच्या साली.” हात दाखवला.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांतही हेच होतं. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्यात टाकायचं. गल्लीत कोणाला विचारलं तर ओला-सुका इतकंच सांगतात. ताईंना तिसऱ्या, म्हणजे घातक कचऱ्याची ओळख हाताला लागलेल्या ब्लेडमधून झाली आहे. त्यांना आता आम्ही सल्लागार म्हणतो आणि मानधन देतो. फुकट सल्ला घ्यायचा नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं.

गटातल्या एका मुलीने न्यूयॉर्कच्या मियर्ल लेडरमन यूकेलीस यांचं काम सांगितलं. १९७९-८० मध्ये त्यांनी शहरातल्या साडेआठ हजारांच्या आसपास सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. त्या तिथल्या सफाई खात्याबरोबर वर्षानुवर्षं कलाकार म्हणून राहिल्या. आपणही ऐवजदारांचे हात हाती घेऊ या, असं तिचं म्हणणं. मला ते मनापासून भावलं. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “घ्या न हात. पन आधी काच वेगळी करा, मंग घ्या.” तोच क्रम खेळात ठेवला आहे.

अमेरिकन पर्यावरण कार्यकर्ता रॉब ग्रीनफिल्ड २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये महिनाभर स्वतःचा सगळा कचरा अंगावर घालून हिंडला, तेही चर्चेत आलं. आमच्या वेशाची कल्पना त्याच्या जवळची आहे. फरक असा की तो एका माणसाचा होता, आमचा गल्लीचा आहे, म्हणून उतरवायलाही गल्ली हवी.

शाहीर काकांनी मात्र आपल्याच मातीतलं काढलं. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले, आपल्या बाजूचे. गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनातही लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. काका म्हणाले, आपण आधी झाडतच नाही, म्हणून आपल्याला बोलायचा हक्क नाही. बाजारातला खेळ का पडला हे मला या वाक्यावर नीट कळलं.

१० ऑगस्ट, रविवार

संहिता नव्याने. विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यासारखे सवाल-जवाब, रागावणं पूर्ण काढलं. सुरुवात मैदान झाडून. मग घोष. शाहीर म्हणतो, लोक मागून म्हणतात:

“ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!
गल्लीतला कचरा घेऊन जा गे मारबत!”

बडग्या थांबतो. “नेतो बाप्पा, नेतो. पन कुठं नेऊ?”

लोक काहीतरी म्हणतीलच. बहुतेक “भांडेवाडीले ने”, शहराचा कचरा डेपो तिथे आहे. बडग्या: “भांडेवाडीत मानसं नाही राहत का जी?”

या जागेवर पुढचं वाक्य लिहिलेलं नाही. शाहिराने तिथे थांबायचं आणि लोकांना बोलू द्यायचं. शहराचा रोजचा हजार टनांहून जास्त कचरा तिकडे जातो, तिथल्या डोंगराला उन्हाळ्यात आगी लागतात, हे सांगायचा मोह होतो. पण आकडे शाहिराने सांगितले की लोक पुन्हा श्रोते होतात.

१७ ऑगस्ट, रविवार

गल्लीतच छोटा प्रयोग, प्रेक्षक बहुतेक पोरं. उतरवणी चालली, पण गाठी सुटेनात. सुतळी दमट होऊन आवळली होती, सुरगाठीची निरगाठ झाली होती. पोरांनी दात लावले, ते थांबवावं लागलं. उपाय: गाठ मारताना सुतळीचं एक टोक वीतभर लांब सोडायचं आणि त्याला जुन्या साडीची चिंधी बांधायची. चिंधी ओढली की गाठ सुटते. चार वर्षांच्या मुलीलाही जमलं. हा बदल सगळ्यात कामाचा ठरला, आधी सुचला असता तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

पोरांनी आणखी एक दाखवून दिलं. लाल सुतळीची वस्तू हातात घेऊन ती थेट विचारतात, “हे कुठं टाकू?” आम्ही लाल टोपलं लांब कोपऱ्यात ठेवलं होतं. आता ते मधोमध ठेवणार.

२१ ऑगस्ट

तयारी. पत्रकं छापायची नाहीत, ती मैदानावरच पडतात. जुन्या चादरीवर कोळशाने लिहिलं. पोह्यांसाठी कागदी प्लेटा घ्यायच्या होत्या, पण आतून प्लॅस्टिकचा लेप असलेल्या प्लेटांना आमच्याच नियमात लाल सुतळी बांधावी लागेल. बिछायत केंद्रातून स्टीलच्या ताटल्या आणि पेले घेतले, सहाशे रुपये. धुणारे हात आधी ठरवले, नाहीतर ते काम शेवटी बायांवर येतं. तीन मुलगे, एक काका.

आगीचं सांगते, हे वगळू नका. प्लॅस्टिकचा वेश पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. मारबतीच्या दिवशी फटाके असतात, मैदानात उदबत्ती आणि दिवे असतात. बडग्याच्या आसपास मशाल, बिडी, फटाका काहीही नाही. दोन बाजूंना पाण्याच्या बादल्या, एक जण कायम कात्री घेऊन सोबत, खांद्याचे पट्टे एका ओढीत सुटतील असे. ओढून पाहिले, सुटतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

खेळ झाला.

लाकडी बैलांची रांग लागली, पूजा झाली. समया बाजूला नेऊन विझवल्यावरच बडग्या मैदानात आला. आधी आम्ही झाडायला लागलो. ऐवजदार ताई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांना आज झाडू द्यायचा नाही हे ठरलेलं. दोन मिनिटांनी काही बाया आपापले खराटे घेऊन आल्या. ते आम्ही सांगितलेलं नव्हतं.

घोष जोरात झाला. पोरांना ‘घेऊन जा गे मारबत’ पाठच असतं. “कुठं नेऊ?” यावर अपेक्षेप्रमाणे भांडेवाडी आली. बडग्याने विचारलं तिथे माणसं नाही राहत का, तेव्हा मागून एक बाई उभी राहिली. तिचं माहेर तिकडचं. उन्हाळ्यात धूर आला की तिची आई दारं-खिडक्या ओल्या पोत्यांनी लावते, पाहुणे यायला कचरतात, भावाच्या लग्नाच्या बोलणीत पत्ता ऐकून लोक मागे सरले, हे तिने सरळ सांगितलं. शाहीर काकांनी डफ खाली ठेवला आणि तिला पुढे बोलावलं. यानंतर संहिता सोडून दिली. ती प्रश्न विचारत गेली, लोक उत्तरं देत गेले. एकाने खर्ऱ्याची पन्नी खिशातून काढून लाल टोपल्यात टाकली. ते टोपलं मधोमध होतं म्हणूनच हे घडलं.

उतरवणी पाऊण तास चालली, आम्ही वीस मिनिटं धरली होती. पोरं चिंध्या ओढत होती, आया सुतळीचा रंग वाचून टोपलं दाखवत होत्या. पंधरा मिनिटांचा नियम मोडू नये म्हणून दोन्ही बडगे आलटून-पालटून सांगाड्याखाली गेले, नंतर सांगाडा सरळ खाटेवर ठेवला. बडग्या अंगावर असणं उतरवणीला गरजेचं नाही. पुढच्या वेळी पहिल्यापासून तसंच करा.

शेवटी ताईंनी ब्लेड आणि काच कशी गुंडाळायची ते वर्तमानपत्रावर करून दाखवलं. मग ज्यांना हात मिळवायचा होता त्यांनी मिळवला. रांग लागली. ताई एकेकाला विचारत होत्या, “कोनतं घर तुमचं?” आणि घर कळल्यावर त्या घरच्या कचऱ्याबद्दल नेमकं सांगत होत्या. आमच्या सगळ्या लिखाणापेक्षा ते थेट पोचलं.

२४ ऑगस्ट

कबाडीवाल्या भाऊंच्या काट्यावर तोललं. सांगाडा सोडून ८.४ किलो. त्यातलं ३.६ किलो त्यांनी घेतलं. बरण्या, झाकणं, डबे मिळून १.१ किलो घरांत परत गेलं. लाल ३.७ किलो. वजनात ते कबाडीच्या मालाएवढंच दिसतं, पण आकारमानात तीन पोती भरली, कारण पाकिटं फुगतात.

या तीन पोत्यांचं काय करायचं यावर बराच वाद झाला. बाटल्यांत पाकिटं ठासून विटा करायची सूचना आली. मी विरोध केला. बाटली भंगारात जाते, पाकीट ठासलं की तीही जात नाही, म्हणजे ग्लू गनचीच गत. शेवटी धुतलेली कोरडी पाकिटं वेगळ्या पोत्यात, वर चिठ्ठी बांधून सुक्या कचऱ्याच्या गाडीत दिली. ती भट्टीपर्यंत जातील की भांडेवाडीतच राहतील हे आमच्या हातात नाही, आणि गल्लीला आम्ही तसंच सांगितलं आहे. खर्ऱ्याच्या पन्न्या मात्र आम्ही ठेवून घेतल्या आहेत.

खर्च ५,७३० रुपये. सांगाडा ४५०, सुतळी आणि रंग १८०, हातमोजे-साबण-फिनेल २६०, ताटल्या-पेले ६००, पोहे-तर्री १,४००, ताईंचं मानधन १,५००, शाहीर काकांचं १,०००, आणि वाया गेलेले ३४०. वर्गणी घराघरांतून, कोणाचंही नाव-फलक लावलं नाही. एका दुकानाने पैसे देऊ केले होते, बदल्यात त्यांचा फ्लेक्स मैदानावर लावायचा होता. नको म्हटलं.

३१ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर ताईंना विचारत होते. आमच्या गल्लीतून काच आता बहुतेक घरं गुंडाळून देतात. पॅडवर खूण काहीच घरं करतात, त्यावर बायकांची वेगळी बैठक घ्यायची आहे, ती मैदानावर होणारी गोष्ट नाही. शेजारच्या गल्लीत काहीच फरक नाही. तिथे खेळ झालेला नव्हता.

पन्न्यांचं पोतं घेऊन पानठेल्यावर गेलो. भांडायला नाही, दाखवायला. ठेलेवाल्या भाऊंनी पत्र्याचा एक डबा टांगायला होकार दिला आणि स्टीलची डबी आणणाऱ्याला त्यात घोटलेला खर्रा भरून देईन म्हणाले. डबा रोज संध्याकाळी कोण रिकामा करणार हे ठरलेलं नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी तो भरून सांडला. आता गटातली दोन पोरं वार वाटून घेतात. तंबाखू सोडवणं हा वेगळा लढा आहे आणि तोही करायला हवा. पन्नी हा त्याचा लहानसा भाग आम्हाला झेपण्यासारखा आहे.

नंदनवन भागातल्या मुलींनी सांगाडा मागितला आहे, त्यांना नवरात्रात त्यांच्या गल्लीत खेळ करायचा आहे. आमचा कचरा त्यांना द्यायचा नाही, त्यांनी त्यांच्याच घरांतून गोळा करायचा, ही अट त्यांनी आनंदाने मानली. ताई पहिल्या बैठकीला जातील, मानधन त्या मुली देतील. उजव्या बाजूची कामटी उतरवणीत तडकली आहे, ती बुरडाकडून बदलून घ्यायची आणि खांद्याचे पट्टे त्यांच्या मापाने आवळून द्यायचे.